तंबोऱ्याला माणूस हवं होतं

डॉक्टर, गुरुवारी क्रिमेटोरियममध्ये तुमच्याबद्दल जे जे बोलले, ते सगळे एकाच माणसाबद्दल बोलत होते, आणि तो माणूस मला कधी भेटला नाही. नम्र म्हणे. स्वतःला मागे ठेवणारे म्हणे. तुम्ही! आपल्या मंडळाचे अध्यक्ष तर म्हणाले, "सबनीस डॉक्टरांनी कधी कुणाचं मन दुखावल्याचं मला आठवत नाही." मी मागच्या बाजूला बसले होते. गिरीशने माझ्या हातावर हात ठेवला. सांत्वनासाठी नाही. बायको उभी राहून काही बोलेल, अशी नवऱ्याला भीती वाटली.

मी बोलले नाही. तिथे सगळं स्लॉटवर चालतं, बाहेर पुढची मंडळी काळ्या कोटांत थांबली होती, आणि नलिनीताई पहिल्या रांगेत पाठ ताठ ठेवून बसल्या होत्या. पण गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं, हा नियम तुम्ही तरी कुठे पाळलात? स्वतःच्या सख्ख्या मामांच्या शोकसभेत "बेसूर होते, पण हौस दांडगी" असं म्हणून खाली बसणारे तुम्ही. तेव्हा मीही पाळत नाही.

आपली ओळख खोकल्याने झाली. आम्ही इल्फर्डला नवीन होतो. गिरीशची बँकेतली आयटीची नोकरी, वर्क व्हिसा, आणि माझी मायक्रोबायोलॉजीची एमएस्सी सुटकेसच्या तळाशी. फ्लॅटच्या भिंतीला ओल होती, मला खोकला लागला तो जाईना. तुमच्या सर्जरीत, म्हणजे दवाखान्यात, आले, तुम्ही स्क्रीनवर नाव वाचलंत आणि सरळ मराठीत म्हणालात, "आ करा." मी आ केला. जीभ दाबायची पट्टी तुमच्या हातातच राहिली.

"परत करा."

परत केला.

"हा षड्ज आहे," तुम्ही म्हणालात. "एवढ्या खोकल्यातही जागचा हलला नाही. कुणाकडे शिकलात?"

सांगलीला बारा वर्षं गुरुजींकडे शिकले होते, हे लंडनमध्ये मला कुणी विचारलंच नव्हतं. त्या खुर्चीत माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि तुम्ही ते खोकल्यावर ढकललंत. हे तुमचं ऋण. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मध्ये मध्ये यायला नको.

दुसऱ्या भेटीपासून तुम्ही मला अगं-तुगं करायला लागलात. विचारलं नाहीत. तुम्ही कशालाच विचारत नव्हतात. एक दिवस रविवारी सकाळी बेल वाजवून आत आलात, माझ्या हातचे पोहे खाल्लेत आणि जाहीर केलंत की जूनच्या तिसऱ्या रविवारी मी पार्कातल्या बँडस्टँडवर गाणार आहे. कौन्सिल उन्हाळ्यात दर रविवारी तिथे फुकट कार्यक्रम ठेवायची. कधी ब्रास बँड, कधी स्टील ड्रम, कधी शाळेतल्या मुलांचा कॉयर. त्यातला एक रविवार तुम्ही कुणाला तरी छळून मिळवला होतात. तबल्याला जसपाल आणलात, जो आठवडाभर पंचवीस नंबरची बस चालवायचा. पेटीवर स्वतः बसलात, जरी तुमची पेटी भयंकर होती. होती, डॉक्टर. बाकी कुणी तोंडावर सांगितलं नाही म्हणून आता सांगते.

त्या पहिल्या कार्यक्रमाला समोर गवतावर चार गुजराती बायका, एक कुत्रेवाला म्हातारा आणि टॉवेल पसरून उन्हात पालथी पडलेली एक मुलगी होती. वाऱ्याने तंबोऱ्याच्या तारा उतरत होत्या. आणि तुम्ही माइक घेऊन माझी ओळख करून दिलीत, "वासंती इज ॲन ऑर्डिनरी हाउसवाइफ फ्रॉम जस्ट डाउन द रोड." ऑर्डिनरी! बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी तुमच्याकडे बघितलं तर तुम्ही खूश. नंतर मी भांडले तेव्हा म्हणालात, "अगं, इथल्या लोकांना तसंच आवडतं. कोणीतरी आपल्यातलं. गुरू, बारा वर्षं, तपश्चर्या असं सांगितलं की घाबरतात." पुढची सगळी वर्षं मी ऑर्डिनरी हाउसवाइफच राहिले. माझ्या एमएस्सीचा आणि माझ्या गुरुजींचा उल्लेख तुमच्या तोंडून एकदाही झाला नाही.

मी आलाप सुरू केला आणि पार्काच्या फाटकाशी आइस्क्रीमची व्हॅन आली. तिची ती घंटांची धून, माझ्या षड्जाच्या बरोब्बर अर्धा सूर वर. मी थांबले. तुम्ही पेटीवरून ओरडलात, "थांबू नकोस! ती जाईल, आपण राहू." मी गात राहिले. व्हॅन गेली नाही, उलट गुजराती बायकांपैकी दोघी उठून आइस्क्रीम घ्यायला गेल्या. कोन घेऊन परत आल्या मात्र, आणि शेवटपर्यंत बसल्या.

यावरून आपलं जे भांडण सुरू झालं ते संपलंच नाही. मी म्हणायची, गाण्याला निदान चार भिंती हव्यात, माणसाने आपणहून यावं, बसावं. तुम्ही म्हणायचात, "तिकीट काढलेला माणूस पैशासाठी बसतो. फुकट ऐकणारा कधीही उठून जाऊ शकतो. म्हणून तो बसला की खरा बसला." वाक्य चांगलं होतं. मला ते आवडलं म्हणून आणखीच राग यायचा. दुसरं भांडण रागांच्या वेळेचं. जूनमध्ये संध्याकाळी सहा वाजता इथे ऊन डोक्यावर असतं. मी गुरुजींच्या शिस्तीतली, सहा म्हणजे सहा. तुम्ही म्हणायचात, "घड्याळ ग्रीनिचचं आहे, राग आपला आहे. वर बघ आणि गा." यात तुमचंच खरं होतं, हे मी गेली कित्येक वर्षं मनात कबूल करून तुम्हाला मात्र सांगितलेलं नाही. आता सांगून उपयोग नाही, आणि तुम्हाला ऐकवायची इच्छाही नाही.

एक रविवार मात्र मी तुमच्याकडून काढून घेऊ शकत नाही. ट्यूब ट्रेनमध्ये आणि बसमध्ये बॉम्ब फुटले, त्याच्या नंतरचा रविवार. गिरीश म्हणाला, काही झालं तरी जायचं नाही. मलाही जायचं नव्हतं. पाठीवर बॅग लावलेल्या आपल्यासारख्या रंगाच्या माणसाशेजारून लोक उठून जात होते, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. जसपालला तर त्याच्याच बसमध्ये कुणीतरी काहीबाही बोललं होतं. तुम्ही सकाळी फोन केलात. तुमचा आवाज नेहमीसारखा हुकमी नव्हता.

"वासंती, मी जातोय. तू नाही आलीस तर मी एकटा पेटी वाजवीन, आणि त्याची शिक्षा सगळ्या इल्फर्डला होईल."

मी हसले. साडी नेसले. गिरीश माझ्याशी न बोलता बरोबर आला.

पार्काच्या फाटकाशी दोन पोलीस होते. जसपालच्या खांद्याला तबल्याची बॅग. पोलिसाने ती उघडायला सांगितली, नम्रपणे सांगितली, पण जसपालचे हात इतके थरथरत होते की चेन सरकेना. तुम्ही पुढे झालात. बॅग उघडलीत, तबला काढलात आणि पोलिसाच्या हातात दिलात. "वाजवून बघा," म्हणालात इंग्रजीत. "शाईवर बोट मारा, त्या काळ्या गोलावर." तो तरुण पोलीस गोंधळला, त्याने बोट मारलं. टण्ण. जसपाल आपोआप म्हणाला, "नॉट लाइक दॅट," आणि हातात घेऊन दाखवायला लागला. थरथर थांबली.

त्या दिवशी बँडस्टँडसमोर फार माणसं नव्हती. होती ती एकमेकांजवळ सरकून बसली होती. एक गोरी म्हातारी कार्यक्रम संपल्यावर माझ्याजवळ आली आणि माझा हात धरून नुसती उभी राहिली. तुम्ही पेटी बंद करत होतात. त्या क्षणी तुम्ही मला माझ्या वडिलांच्या जागी वाटलात. म्हणूनच पुढे जे केलंत ते मला पचत नाही. परक्याने केलं असतं तर मी दोन दिवस रडून सोडून दिलं असतं.

दोन वर्षांनी तुम्ही नाचतच आलात. थेम्सकाठच्या मोठ्या चौकात, उन्हाळ्यातल्या मोफत कार्यक्रमांत, आपल्याला अर्धा तास मिळाला होता. हजारो माणसं, खरं स्टेज, खरे साउंडवाले. "तुला अर्धा तास," तुम्ही म्हणालात. "काय गाशील?"

"मुलतानी."

"गा. लंडनला ऐकू दे."

मी तयारीला लागले. घरकाम, अर्धवेळ लॅबमधली नोकरी, आणि उरलेला सगळा वेळ मुलतानी. तिचा गंधार किती खाली आणि तीव्र मध्यमाला किती टेकलेला, हे सांगलीत समजलं होतं असं वाटायचं, पण त्या उन्हाळ्यात नव्याने समजलं. जून आणि जुलैमध्ये तुम्ही दर मंगळवारी आणि शनिवारी ऐकायला यायचात. कोपऱ्यातल्या खुर्चीत डोळे मिटून बसायचात. तेव्हा पेटीला हातसुद्धा लावत नव्हतात. कधी म्हणायचात, "तिथे घाई करतेस." कधी काहीच म्हणत नव्हतात, चष्मा पुसायचात आणि निघायचात. तुमच्यासारखा बडबड्या माणूस गप्प बसतो म्हणजे आपलं काहीतरी जमतंय, असं मी समजले.

कार्यक्रमाच्या दिवशी मी काठापदराची हिरवी साडी नेसून, तंबोरा घेऊन दुपारीच पोचले. स्टेजमागच्या तंबूत तीन मुलं सामान लावत होती. सतार, लॅपटॉप आणि इलेक्ट्रॉनिक ड्रम्स. चांगली मुलं होती, त्यांचा काही दोष नाही. एकाने वाकून मला नमस्कार केला. म्हणाला, "आंटी, सो ग्लॅड यू आर प्लेइंग विथ अस."

मला वाटलं, त्याची काहीतरी गल्लत झाली. मी तुम्हाला शोधून काढलं. तुम्ही क्लिपबोर्डवाल्या बाईशी हसत बोलत होतात.

"डॉक्टर, ती मुलं काय म्हणतायत?"

तुम्ही मला बाजूला घेतलंत. "हे बघ, वासंती. आयोजकांचं म्हणणं पडलं की शुद्ध ख्याल इथे चालणार नाही. चालत्या गर्दीला संथ वाटेल. त्यांना काहीतरी ठेक्यातलं हवं होतं."

"मग मी?"

"तू तंबोऱ्यावर बस. मधोमध, मागे. छान दिसेल."

"हे कधी ठरलं?"

तुम्ही खोटं बोलला असतात तर बरं झालं असतं. पण तुम्हाला खोटं बोलण्याइतकी माझी किंमतही वाटली नाही. "मे महिन्यात," तुम्ही म्हणालात.

"आणि तुम्ही जून-जुलै माझ्या घरी येऊन बसत होतात?"

"सांगितलं असतं तर तू आलीच नसतीस. आणि तंबोऱ्याला माणूस हवं होतं."

डॉक्टर, मी ते वाक्य नंतर किती वेळा ऐकलं असेल! भांडी घासताना, डिस्ट्रिक्ट लाइनच्या ट्यूबमध्ये, लॅबमध्ये. तंबोऱ्याला माणूस हवं होतं. बाई नाही, गायिका नाही. माणूस. नपुंसकलिंगी, कोणतंही.

मी का बसले, असं गिरीश अजून विचारतो. समोर हजारो लोक होते, मला ढकलत ढकलत पायऱ्यांपर्यंत आणलं होतं, माझे गुरुजी मला सांगून गेले होते की स्टेजवर पाय ठेवला की पाठ फिरवायची नाही. मी बसले. त्या मुलांच्या पट्टीत तंबोरा लावायला लागले, इतका उतरवावा लागत होता की तारा लोळत होत्या. साउंडवाला माझ्या शेजारी वायर गुंडाळत होता. त्याने माझी धडपड बघितली, त्याला दया आली. म्हणाला, "डोंट वरी, लव्ह. युअर्स इझन्ट प्लग्ड इन."

म्हणजे माझा माइक जोडलेलाच नव्हता. समोर जे उभं केलं होतं ते नुसतं दाखवायला. अर्धा तास मी मुक्या तारा छेडत बसले. गर्दी नाचली. तुम्ही स्टेजच्या कडेला उभे राहून टाळ्यांचा ठेका धरत होतात. तुमची मुलगी रेवा हिने काढलेला तो फोटो तुम्ही मोठा करून दिवाणखान्यात लावलात, ज्यात मी हिरव्या साडीत मागे बसलेली आहे आणि सगळे म्हणतात किती शांत चेहरा आहे. तो शांत नव्हता, डॉक्टर. तो मेलेला होता.

त्यानंतर आपण एकदाच भेटलो. इल्फर्ड लेनवरच्या भाजीवाल्याकडे, मी भेंडी निवडत होते. मागून आवाज आला, "रियाज चालू आहे ना?"

जणू काही झालंच नव्हतं. जणू मी खोकल्याच्या औषधाचा दुसरा डोस घेतला की नाही, हे विचारत होतात.

"तुम्हाला काय करायचंय?" मी म्हटलं.

तुम्ही हसलात. "रागव. चांगलं आहे. आवाजाला धार येते." आणि कोथिंबिरीची जुडी उचलून काउंटरकडे गेलात. माफी मागायला तुमच्याकडे तेवढी जागा होती, भेंडी ते कोथिंबीर. मी तिथेच उभी होते. तुम्ही वळून बघितलं नाहीत.

आता तुम्ही गेलात, तेही भांडण अर्धं ठेवून. हार्ट अटॅक, दहा मिनिटांत सगळं संपलं म्हणे. तुमच्या पेशंटना तुम्ही तासन्‌तास ताटकळत ठेवायचात, स्वतः मात्र वाट बघितली नाहीत.

काल नलिनीताईंनी बोलावलं म्हणून गेले. रेवाने दार उघडलं. तिचे डोळे सुजले होते. "वासंती मावशी, बाबाला तुमचा गाणं खूप आवडायची," ती तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली आणि मला मिठी मारली. तिला मी काय सांगणार होते? मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

नलिनीताई स्वयंपाकघरात होत्या. लोकांनी आणलेले डबे टेबलावर रचलेले. त्यांनी चहा टाकला आणि सरळ विषयाला हात घातला. पुढच्या रविवारी पार्कात, बँडस्टँडवर, तुमच्यासाठी सभा आहे. मंडळाची इच्छा आहे की वासंतीने गावं.

"नाही," मी म्हटलं. "ताई, मला माफ करा. मी नाही गाणार."

त्यांनी गॅस बारीक केला. "मला माहीत होतं, त्या दिवशी काय होणार होतं ते," त्या म्हणाल्या. "मेमध्येच आमचं त्यावरून भांडण झालं. मी म्हटलं, आज फोन करा आणि तिला सांगा. तर म्हणाले, सांगितलं तर ती रियाज सोडेल."

"सोडला असता तर?"

"तेच मी विचारलं. म्हणाले, मला ती मुलतानी ऐकायची आहे. पूर्ण झालेली. दोन महिने मिळतायत, ते मी घालवणार नाही." त्यांनी चहा गाळला, कप माझ्यापुढे ठेवला. "तुझ्याकडून आले की जेवताना बोलायचे नाहीत. मी विचारायची, कसं झालं? तर हात वर करायचे, नुसता हात. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, वासंती. माझ्यासाठी त्यांनी कधी तसा हात वर केला नाही."

त्यांना बहुतेक वाटलं, हे ऐकून माझा राग उतरेल. मलाही क्षणभर वाटलं, उतरेल. नाही उतरला. वाढला. म्हणजे गाणं गवतावर पडलं पाहिजे, ज्याला हवं त्याने उचलावं, असं सगळ्या लंडनला सांगणारे तुम्ही, माझी मुलतानी एकट्याने, दार लावून, खुर्चीत बसून ऐकत होतात. चौकातल्या माणसांची ती होती. तुम्ही ती त्यांना मिळू दिली नाहीत आणि मलाही देऊ दिली नाहीत. आयुष्यात मला एवढा मोठा मान कुणी दिला नाही आणि एवढा नीचपणाही कुणी केला नाही, आणि दोन्ही एकाच माणसाने एकाच वेळी केलं. आता याचं मी काय करू? समोर असतात तर तो गरम चहा तुमच्या अंगावर टाकला असता, आणि मग कदाचित तुमच्या पाया पडले असते. पण तुम्ही नव्हतात. टेबलापलीकडे तुमची बायको होती, आणि ती रडत नव्हती.

"चार दिवस झाले," नलिनीताई म्हणाल्या, "घरात जो येतो तो म्हणतो, देवमाणूस होते. मी मान हलवते. मान दुखायला लागली आहे."

मला हसू फुटलं. त्यांनाही. रेवा बाहेरून डोकावून बघून गेली, तिला काही कळलं नसेल. आम्ही खूप वेळ बोललो, डॉक्टर, आणि तुमच्याबद्दल एक शब्द चांगला बोललो नाही. मध्येच त्या रडल्या, मध्येच मी.

निघताना त्यांनी दारात माझा हात धरला. "नको गाऊस. मी सगळ्यांना सांगते. पण रविवारी ये. माझ्या शेजारी बस. ते सगळे बोलत असताना मला बाजूला एक तरी माणूस असं हवंय, ज्याला सगळं ठाऊक आहे."

मी हो म्हटलं आहे. रविवारी मी बँडस्टँडसमोर पहिल्या रांगेत बसेन. तुमच्यासाठी नाही.